वाफसा

मृगाचा पाऊस तीन दिवस लागून राहावा, चौथ्या दिवशी आभाळ उघडावे, बियाण्याच्या पिशव्या ओसरीवर येऊन पडलेल्या असाव्यात, आणि तरीही पिंपळगाव बसवंताच्या शिवारात एकही पाभर बांध ओलांडून रानात उतरू नये, हा प्रकार शहरात वाढलेल्या माणसास पहिल्यांदा पाहताना चमत्कारिक वाटतो. मलाही तो तसाच वाटला होता. पाऊस नाही म्हणून महिनाभर आकाशाकडे डोळे लावून बसलेली माणसे पाऊस पडून गेल्यावर पुन्हा हात बांधून का बसतात, हे न उमजून मी बांधावर उभ्या असलेल्या एका वृद्ध गृहस्थांना विचारले, "काय बाबा, पाऊस तर झाला, मग पेरणी का खोळंबली?" बाबांनी उत्तराची घाई केली नाही. वाकून त्यांनी विळ्याच्या टोकाने चार बोटे माती उकरली, मुठीत तिचा लाडू वळला, आणि मूठ उघडून माझ्यापुढे धरली. लाडू तुळतुळीत होता व त्यावर बोटांच्या रेघा उमटल्या होत्या. "अजून वाफसा नाही, मास्तर," ते म्हणाले, "दोन दिस जाऊ द्या." तिसऱ्या दिवशी सकाळी त्याच रानातील मातीचा लाडू त्यांनी कमरेच्या उंचीवरून खाली सोडला; तो पडताच फुटून मोकळा झाला, आणि दुपारी पाभर चालू झाली.

ज्या भाषेत वाफसा हा शब्द आहे, त्या भाषेच्या माणसाने पृथ्वीशी असलेल्या आपल्या नात्याविषयी फार मोठ्याने बोलण्याचे कारण नाही, असे मला तेव्हापासून वाटत आले आहे. मातीच्या कणाकणांमध्ये ज्या बारीक पोकळ्या असतात, त्या सर्व मिळून चांगल्या जमिनीच्या घनफळाचा सुमारे निम्मा भाग व्यापतात. पावसाची झड लागली की या पोकळ्या पाण्याने काठोकाठ भरतात आणि आतली हवा हुसकून बाहेर निघते. पिकाची मुळेही आपल्यासारखीच श्वास घेतात. परंतु प्राणवायू हवेतून जितक्या वेगाने पसरतो त्याच्या दहा हजारांश वेगानेही तो पाण्यातून पसरत नाही, म्हणून तुंबलेल्या रानात टाकलेले बी पाण्याच्या सान्निध्यात असूनही गुदमरून कुजते. पुढे उघडीप मिळाली म्हणजे मोठ्या पोकळ्यांतील पाणी गुरुत्वाकर्षणाने खाली उतरते, बारीक पोकळ्यांतील पाणी केशाकर्षणाने जागीच धरले जाते, रिकाम्या झालेल्या जागेत हवा शिरते, आणि पृथ्वीची ओढ व कणांची ओढ यांचा जो तंटा चाललेला असतो त्यात काही काळापुरता समेट होतो. त्या समेटाचे नाव वाफसा. हलक्या रानात तो एका दिवसात येतो आणि निघूनही जातो. काळ्या रानात तो येण्यास वेळ लागतो, पण आला म्हणजे चार दिवस मुक्काम करतो. मुठीतल्या त्या लाडवात काय काय येऊन मिळाले होते, याचा हिशेब करू लागलो तेव्हा तो पिंपळगावच्या वेशीत मावेना.

पहिली बाब मातीची. पिंपळगावची काळी जमीन ही विझलेल्या अग्नीची राख आहे असे म्हटले तर शास्त्रज्ञ 'राख' या शब्दास हरकत घेतील, अग्नीस मात्र घेणार नाहीत. सुमारे ६ कोटी ६० लाख वर्षांपूर्वी भूपृष्ठाला पडलेल्या लांबच लांब भेगांतून शिलारस वर आला आणि पुरासारखा पसरला. तो थिजला, त्यावर दुसरा थर आला, दुसऱ्यावर तिसरा, आणि अशा थरांवर थर साचून दख्खनचे पठार तयार झाले. आजही त्याचा विस्तार सुमारे ५ लाख चौरस किलोमीटर भरतो. थरांचे कठीण भाग टिकून राहिले आणि मऊ भाग झिजले, त्यामुळे डोंगरांच्या अंगावर पायऱ्या दिसतात. जिन्याला स्वीडिश भाषेत जो शब्द आहे त्यावरूनच भूशास्त्रज्ञांनी या खडकास 'ट्रॅप' हे नाव दिले. मुंबई-आग्रा रस्त्याने पिंपळगाव सोडून चांदवडच्या वाटेला लागले की सातमाळ्याचा डोंगर समोर येतो, आणि त्याचे आडवे पट्टे पाहून हा जिना कोणासही ओळखता येईल. त्याच रांगेत धोडपचा किल्ला आहे. १७६८ साली थोरल्या माधवरावांनी राघोबादादांचा पाडाव केला तो याच ठिकाणी, हे शाळेतून सर्वांस ठाऊक असते; परंतु किल्ल्याच्या माथ्यापासून बाहेर निघालेली, मध्ये खाच पडलेली जी उभी पाषाणभिंत लांबून दिसते, ती कोणा किल्लेदाराने बांधलेली नसून भेगेत उभाच थिजून राहिलेला शिलारस आहे, ही गोष्ट तितकी प्रसिद्ध नाही. मला तरी चुलत्या-पुतण्याच्या लढाईपेक्षा त्या भिंतीची हकीकत अधिक मोठी वाटते.

या खडकाने आपल्या जन्माची एक नोंद स्वतःजवळ जपून ठेवली आहे. काळ्या पाषाणात लोहचुंबकाचे बारीक कण असतात. शिलारस थंड होत असताना त्यांचे चुंबकत्व त्या क्षणीच्या पृथ्वीच्या चुंबकीय क्षेत्रास अनुसरून वळते आणि तसेच कायमचे गोठते. ही चुंबकीय दिशा विषुववृत्ताजवळ आडवी असते, ध्रुवांकडे जावे तशी ती अधिकाधिक तिरपी होते, म्हणून खडकातील तिरपेपणा मोजला की तो कोणत्या अक्षांशावर थिजला ते सांगता येते. १९५०नंतरच्या दशकात क्लेग या शास्त्रज्ञांनी व त्यांच्या सहकाऱ्यांनी दख्खनच्या पाषाणाचे असे मापन केले, तेव्हा हा खडक विषुववृत्ताच्या पलीकडे, दक्षिण गोलार्धात जन्मल्याचे निष्पन्न झाले. खंडे सरकतात हा विचार अनेक विद्वानांना त्या काळी अद्याप पटलेला नव्हता. त्याच्या बाजूने ज्या साक्षी पडल्या त्यांत आपल्या सह्याद्रीचा दगडही होता. ज्या उष्ण प्रवाहाने हा शिलारस वर लोटला, त्याचा आजचा उद्रेक हिंदी महासागरात २१ दक्षिण अक्षांशावरील रियुनियन बेटात होतो असे बहुतेक शास्त्रज्ञ मानतात. पिंपळगाव आहे २० उत्तर अक्षांशाच्या किंचित वर. म्हणजे आपल्या पायाखालची जमीन सुमारे साडेचार हजार किलोमीटरांचा प्रवास करून येथवर आली, आणि तो प्रवास वर्षास सरासरी सहा-सात सेंटिमीटर या चालीने झाला. शिलारसाचा मोठा भाग बाहेर पडला त्या काळात पृथ्वीचे चुंबकीय ध्रुव उलटे होते. त्या वेळी कोणाजवळ होकायंत्र असते तर त्याच्या सुईचे उत्तर टोक दक्षिणेकडे वळले असते.

दगडाची माती कशी झाली, हे पिंपळगावात विहीर खणताना पाहावे. वरची काळी संपली की मुरूम लागतो, मुरमाखाली कोठे मांजऱ्या, कोठे अखंड काळा कातळ. मांजऱ्या म्हणजे शिलारसातील वायूचे बुडबुडे जेथे अडकून राहिले तो सच्छिद्र खडक; त्या बुडबुड्यांच्या पोकळ्यांत पुढे ऊन पाण्याने आणून भरलेले पांढरे, गुलाबी, हिरवट स्फटिक विहिरीच्या ढिगाऱ्यात सापडतात. मुले त्यांना गारगोट्या म्हणतात, आणि सिन्नरला ज्या संग्रहालयात असे स्फटिक काचेच्या कपाटात मांडले आहेत त्याचेही नाव 'गारगोटी' असेच आहे. पाणी लागते ते मुरमात, खडकाच्या सांध्यांत आणि दोन थरांच्या मध्ये. ते नेमके कोठे लागेल हे सांगण्यासाठी तळहातावर नारळ घेऊन रानभर फिरणारा पाणाड्या अजूनही बोलावला जातो. नारळाला पाणी कळते यास शास्त्राचा आधार नाही, परंतु चाळीस विहिरी पाहिलेल्या माणसाच्या डोळ्याला जमिनीचा उतार आणि झाडांची हिरवळ कळते, एवढे श्रेय त्याला द्यावयास हरकत नाही.

पाऊस, ऊन आणि मुळे यांनी हा पाषाण हजारो वर्षे कुजवला म्हणजे त्यातून एक विलक्षण चिकणमाती निपजते. तिचे कण पत्त्यांच्या जोडासारखे पापुद्र्यांचे असतात आणि पाणी त्या पापुद्र्यांच्या मधोमध शिरते. त्यामुळे ओल मिळाली की काळी जमीन फुगते आणि ओल गेली की आक्रसते. वैशाखात रानाला ज्या हात-हातभर खोल भेगा पडतात त्या या आक्रसण्याच्या. वरची भुसभुशीत माती त्या भेगांत पडते, पावसाने भेगा मिटतात, खालची माती दाबाने वर सरकते, आणि अशा रीतीने जमीन स्वतःच स्वतःस नांगरते. तिच्या काळेपणावरून ती फार सकस असावी असा जो समज आहे तो मात्र खरा नाही. सेंद्रिय कर्बाचे प्रमाण तीत बहुधा शंभरात एक भागाहूनही कमी असते, आणि रंगाचा उगम चिकणमातीशी घट्ट जडलेल्या थोड्या कुजकट अंशात व मूळ पाषाणाच्या काळ्या खनिजांत आहे.

या मातीची कागदोपत्री किंमत ठरवण्याचा उद्योग इंग्रजी अमलात झाला तो वाचण्यासारखा आहे. १८३५-३६ साली इंदापूर तालुक्यात गोल्डस्मिड आणि विंगेट या दोन अंमलदारांनी नव्या जमाबंदीची सुरुवात केली, आणि पुढे तीच पद्धत दख्खनभर लागू झाली. प्रतवारी करणारा कारकून शेतात जाऊन माती उकरी. बारीक पोताची काळी माती पावणेदोन हात खोल लागली तर ती सोळा आणे, आणि खोली व रंग उतरत जातील तशी प्रत दोन आण्यांपर्यंत खाली. त्यावर पुन्हा सात दोष नेमलेले होते: चुनखडीची मिसळ, वाळूची मिसळ, उतार, चिकटपणाचा अभाव, पाणी मुरू न देणारी माती, वाहत्या पाण्याखाली जाण्याचा धोका आणि पृष्ठभागावरील झऱ्यांची जादा ओल. एकेका दोषासाठी प्रत एकेक पायरी उतरे. शेवटचे तीन दोष बारकाईने पाहिले तर सरकारी दप्तराने वाफसा हा शब्द न उच्चारता वाफशाचीच मोजणी केली होती, हे ध्यानात येईल. सातबाऱ्यावरच्या जिरायत, बागायत, पोटखराबा या नोंदी त्याच परंपरेतल्या. गमतीची गोष्ट अशी की, शेतीच्या ज्या शब्दांना आपण अगदी मातीतले समजतो त्यांतले अनेक शब्द फार लांबून आले आहेत. खरीप म्हणजे अरबीत शरद ऋतू, रब्बी म्हणजे वसंत, हंगाम हा फारशी, आणि मशागत म्हणजे मुळात नुसते कष्ट.

दुसरी बाब पाण्याची, आणि तिचा उगम तर याहूनही दूर आहे. पिंपळगावावर पडणारा पाऊस दक्षिण हिंदी महासागरावरून निघालेल्या वाऱ्यांनी आणलेला असतो. हे वारे वायव्येकडे वाहत विषुववृत्ताशी येतात, ते ओलांडताच पृथ्वीच्या परिवलनामुळे उजवीकडे वळतात, आफ्रिकेच्या किनाऱ्याला घासून अरबी समुद्रावर येतात आणि नैर्ऋत्येचे होऊन सह्याद्रीवर आदळतात. पृथ्वी फिरत नसती तर हा वळसा पडला नसता, आणि आपल्या मृगाची कथाच निराळी झाली असती. घाट चढताना हवा थंड होते व तिच्यातील वाफेचे पाणी होते, म्हणून इगतपुरीला वर्षास तीन हजार मिलिमीटरांहून अधिक पाऊस कोसळतो. तीच हवा घाटमाथा ओलांडून पूर्वेस उतरू लागली की दाबाने तापते आणि ढग विरघळू लागतात. परिणामी इगतपुरीपासून सरळ रेषेत सत्तर किलोमीटरांच्या आसपास असलेल्या निफाड तालुक्याच्या वाट्यास त्याचा पाचवा-सहावा हिस्साच येतो. द्राक्षाला हाच हिस्सा मानवतो हे खरे, पण ते पुढे.

हा पाऊस मोजण्याची पिंपळगावची जुनी रीत नक्षत्रांची. मृग, आर्द्रा, पुनर्वसू, पुष्य असा क्रम, प्रत्येकाला एक वाहन, आणि हस्ताचा पाऊस पडला तर रब्बीची चिंता मिटली असा हिशेब. पुष्कळांची समजूत अशी की ही नक्षत्रे चंद्राची. वस्तुतः सूर्य ज्या नक्षत्रात असतो ते पावसाचे नक्षत्र, आणि म्हणूनच पंचांगातील तिथी दरवर्षी मागे-पुढे होत असल्या तरी मृग मात्र इंग्रजी ७ किंवा ८ जूनलाच लागतो. पण येथे निसर्गाने एक बारीक खोच ठेवली आहे. पृथ्वीचा आस भोवऱ्याप्रमाणे अतिशय मंद डुलतो, आणि त्यामुळे सूर्याला पुन्हा त्याच ताऱ्यापाशी येण्यास ऋतुचक्रापेक्षा सुमारे वीस मिनिटे अधिक लागतात. वीस मिनिटे म्हणजे काहीच नव्हे. परंतु सुमारे एकाहत्तर-बाहत्तर वर्षांत त्यांचा एक पूर्ण दिवस होतो. वराहमिहिराच्या काळी, म्हणजे सुमारे दीड हजार वर्षांपूर्वी, सूर्य मृगात शिरे तेव्हा ऋतुमानाने मे महिन्याचा मध्य नुकताच उलटलेला असे आणि दख्खनवर पावसाचा मागमूसही नसे. शिवछत्रपतींच्या वेळी मृग आजच्यापेक्षा पाच दिवस आधी लागे. आज मोसमी पाऊस नाशकात जूनच्या दुसऱ्या आठवड्यात येऊ पाहतो, आणि मृगाशी त्याची गाठ बरोबर पडते. आणखी दोन हजार वर्षांनी मृग लागेल तेव्हा जुलै उजाडलेला असेल, आणि तोवर पेरण्या उरकलेल्या असतील. म्हणजे मृगाचा पाऊस ही शाश्वत वाटणारी जोडी काही शतकांपुरतीच जुळलेली आहे, आणि आपण नेमके त्या शतकांत जन्माला आलो.

पहिल्या सरीबरोबर जो वास येतो त्याचीही अशीच हकीकत. त्या वासाचा एक मोठा घटक म्हणजे जमिनीतील स्ट्रेप्टोमायसिस जातीचे सूक्ष्मजंतू तयार करतात तो जिओस्मिन नावाचा पदार्थ. थेंब कोरड्या मातीवर आपटतो तेव्हा त्याच्याखाली हवेचे बुडबुडे सापडतात. ते फुटताना हा पदार्थ बारीक तुषारांबरोबर वर उडतो. मनुष्याचे नाक तो एक लाख कोटी भागांत चार-पाच भाग इतका विरळ असला तरी ओळखते. इतर अनेक गोष्टींत मंद असलेले आपले नाक ओल्या मातीच्या बाबतीत इतके तिखट का, याविषयी शास्त्रज्ञ निरनिराळे तर्क करतात. वैशाख काढलेल्या माणसाला त्या तर्कांची निकड वाटत नाही.

तिसरी बाब उजेडाची. पिंपळगावच्या अक्षांशावर सूर्य वर्षातून दोनदा, २०-२१ मे आणि २२-२३ जुलै या सुमारास, माध्यान्ही बरोबर डोक्यावर येतो आणि उभ्या खांबाची सावली नाहीशी होते. दुसऱ्या खेपेस आभाळ बहुधा भरलेले असते, म्हणून ती पाहावयास मिळत नाही. पृथ्वीचा आस साडेतेवीस अंशांनी कललेला असल्यामुळे येथला सर्वांत लहान दिवस अकरा तासांच्या किंचित आत आणि सर्वांत मोठा साडेतेरा तासांच्या आत राहतो. कांद्याच्या रोपाला ही मोजणी कळते. दिवस ठरावीक लांबीचा झाला असा इशारा पानांना मिळाल्यावाचून कांदा पोसत नाही. युरोपातील जातींना चौदा ते सोळा तासांचा दिवस लागतो, म्हणून त्यांचे बी येथे पेरले तर पातच पात वाढेल आणि खाली कांदा म्हणून काही धरणार नाही. आपल्या जाती अकरा-बारा तासांच्या दिवसावर पोसणाऱ्या. पावसाळी हंगामासाठी महात्मा फुले कृषी विद्यापीठाच्या येथील संशोधन केंद्रात निवडून काढलेल्या एका लाल कांद्यास 'बसवंत ७८०' असे नाव दिले आहे, आणि त्यामुळे गावाचे अर्धे नाव बियाण्याच्या पुडीवर छापून दूरदूरच्या बाजारांत गेले.

द्राक्षाची गोष्ट याच्या नेमकी उलट. ती वेल येथली नव्हे, तिला येथली करून घ्यावी लागली. जवळच्या ओझर येथे रावसाहेब जयराम कृष्णा गायकवाड यांनी १९२५ साली द्राक्षे लावली, तेथून नाशिक जिल्ह्याच्या द्राक्षशेतीचा आरंभ मानतात. थंड देशांत हिवाळ्यात वेलीची पाने गळतात, ती झोपी जाते आणि वसंतात जागी होते. पिंपळगावात तिला झोपवणारा हिवाळाच नाही, म्हणून झोपेचे आणि जागे करण्याचे काम बागाईतदाराच्या कात्रीकडे आले. एप्रिलमध्ये खरड छाटणी करून नव्या काड्या वाढवावयाच्या, उन्हाळ्याच्या प्रखर उजेडात त्या काड्यांच्या डोळ्यांत घडाचा गर्भ धरू द्यावयाचा, आणि पावसाळा सरताना ऑक्टोबरच्या सुमारास गोडी छाटणी करून तो डोळा फोडावयाचा. डोळे एकसारखे फुटावेत म्हणून त्यांना रासायनिक पेस्ट लावतात. युरोपात जे काम बर्फ फुकट करतो ते येथे मजुरीने करून घ्यावे लागते. पुढे फुलोऱ्यात पाऊस आला की डाऊनी रोग, कोरड्या थंडीत भुरी, आणि फळ तयार होताना गारपीट. २०१४ सालच्या फेब्रुवारीअखेरीपासून मार्चपर्यंत महाराष्ट्रभर जी गारपीट झाली तिने तयार बागा आडव्या केल्या, त्याचे वर्णन करण्याची माझी इच्छा नाही. ज्यांनी त्या पाहिल्या त्यांना ते नको आहे.

थंडीविषयी मात्र सांगितले पाहिजे. निफाड तालुका समुद्रसपाटीपासून जेमतेम साडेपाचशे-सहाशे मीटर उंचीवर, उष्ण कटिबंधात. तरी २०१८ च्या डिसेंबरअखेर तेथील पारा २ अंशांच्या खाली उतरला आणि पानांवर दव गोठले. हे होते असे. दिवसा तापलेली जमीन रात्री आपली उष्णता अदृश्य किरणांच्या रूपाने आकाशात सोडून देते. ढग किंवा दमट हवा असली तर ती उष्णता अडते व परत येते. उत्तरेकडून कोरडा वारा येऊन गेला, आकाश निरभ्र झाले आणि वारा पडला, म्हणजे जमीन आणि अवकाशातील अथांग शीतलता यांच्या मध्ये पांघरूण असे काही राहत नाही. जमिनीलगतची गार हवा जड होऊन पाण्यासारखी उताराने वाहते आणि कादवा-गोदावरीच्या सखल खोऱ्यात साचते. अशा रात्री वीस मीटर वर गेले तर हवा खालच्यापेक्षा ऊबदार लागते. द्राक्षाचे मणी तडकतात, फुगवण थांबते, हिरव्या थॉमसनवर गुलाबी छटा चढते आणि निर्यातीचा माल क्षणात घरबाजाराचा होतो. तेव्हा मध्यरात्री उठून लोक बागेच्या ओळींतून शेकोट्या पेटवतात आणि पहाटे विहिरीचे पाणी सोडतात. हा दुसरा उपाय मला फार समर्पक वाटतो. काही मीटर खोलीवर जमिनीचे तापमान ऋतूंप्रमाणे फारसे बदलत नाही. ते वर्षाच्या सरासरी तापमानाइतके, म्हणजे येथे पंचवीस अंशांच्या आसपास, राहते. म्हणून हिवाळ्यात विहिरीचे पाणी कोमट लागते. उन्हाळ्याने जमिनीच्या पोटात ठेवलेली ठेव डिसेंबरच्या पहाटे काढून वेलींच्या पायाशी ओतावयाची, असा तो व्यवहार असतो.

पृथ्वीच्या पोटातील हालचाल या खडकाळ प्रदेशास कधी बाधणार नाही अशी एके काळी समजूत होती. ११ डिसेंबर १९६७ रोजी कोयनेच्या आणि ३० सप्टेंबर १९९३ रोजी किल्लारीच्या भूकंपाने ती मोडून काढली. जो भूखंड सहा-साडेसहा कोटी वर्षे चालत आला तो अजूनही थांबलेला नाही, आणि त्याच्या ज्या रेट्याने उत्तरेस हिमालय उचलला गेला तो रेटा आपल्या पाषाणातूनच जातो.

वाफशाला खरी बाधा आणली ती आपण. पाटाचे पाणी आले तेव्हा काळ्या रानात ते जितके अधिक तितके बरे असे मानून लोकांनी रात्रंदिवस पाणी चढवले. पाणी मुरले पण निचरा झाला नाही, खालचे क्षार केशाकर्षणाने वर आले, आणि सोळा आणे जमिनींचे चोपण झाले. चोपण रानाची माती मुठीत धरावी. ती ओली असता साबणासारखी घसरते आणि वाळली असता विटेसारखी होते, तिच्यात वाफसा येण्यास जागाच उरत नाही. पिंपळगावच्या बागांतून आता ठिबकच्या नळ्या पसरलेल्या दिसतात, क्षार सोसणाऱ्या डॉगरिज खुंटावर कलमे बांधलेली दिसतात, आणि ओल मोजण्याची उपकरणेही कोणी कोणी रोवलेली असतात. मी एका तरुण बागाईतदारास त्या उपकरणाचा उपयोग विचारला. "वाफसा धरून ठेवायला," तो म्हणाला. उपकरणाचे माहितीपत्रक इंग्रजी होते.

पिंपळगावातून वाहणारी पाराशरी पावसाळ्यात गढूळ होऊन कादवेला मिळते, आणि कादवा नांदूर मध्यमेश्वर येथे गोदावरीस. त्या संगमावर विसाव्या शतकाच्या आरंभी बंधारा बांधला गेला. मागे पाणी तुंबले, पाण्यामागे दोन्ही नद्यांचा गाळ साचला, गाळावर पाणवनस्पती माजल्या, आणि अभियंत्यांच्या दृष्टीने जी हानी झाली तीतून एक विस्तीर्ण पाणथळ निर्माण झाले, ज्याचा २०२० साली महाराष्ट्रातील पहिले रामसर क्षेत्र म्हणून आंतरराष्ट्रीय यादीत समावेश जाहीर झाला. हिवाळ्यात मी तेथे गेलो होतो. काठाशी नारिंगी अंगाचे चक्रवाक जोडीजोडीने उतरलेले होते. लडाख-तिबेटाकडील सरोवरांकाठी त्यांची वीण होते. आपल्या भूखंडाच्या रेट्याने उंचावलेला हिमालय ओलांडून ते येतात आणि त्याच भूखंडाच्या कुजलेल्या पाषाणाच्या चिखलात चोच घालून चरतात. त्या चिखलातली काही माती त्या बाबांच्या रानातली असणार. ते पावसाळ्यात दरवर्षी तक्रार करतात की, बांध कितीही घातला तरी चार पाट्या माती नदीला जातेच.